एमआरआयच्या फिल्मवर डावं-उजवं उलटं आलंय का?

कलमवाला_देवगड
वय ५१. यंदा मे महिन्यात गडी मिळेनात, म्हणून आंब्याचे क्रेट मीच वाहिले. जांभ्याच्या पायऱ्या चढताना डाव्या कुल्ल्यातून जी कळ निघाली ती पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. पाच आठवडे झाले. घाट चढून कोल्हापुरात एमआरआय केला. रिपोर्टात एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला, बल्ज (फुगवटा), डावीकडे प्रोट्रुजन (चकतीचा भाग बाहेर आलेला), एल५ ची नस दबलेली. त्याखालची एल५-एस१ ची चकती ‘डेसिकेटेड’. वर आणखी दोन ‘माइल्ड बल्ज’.
फिल्म पडवीच्या खिडकीला लावून बघितली, तर आडव्या कापांत फुगवटा चक्क उजवीकडे! फिल्म दुसऱ्या कुणाची तर नाही? नाव माझंच आहे. आणि चार चकत्या गेल्या म्हणजे कंबर कायमची गेली का? आई देव पाण्यात घालून बसली आहे.

चुंबकखोली
फिल्म तुमचीच. मी चिपळुणात हेच मशीन चालवतो, हा प्रश्न आठवड्याला एकदा येतोच. आडवे काप उताण्या माणसाच्या पायांकडून बघितल्यासारखे मांडतात, त्यामुळे तुमची डावी बाजू बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. कडेला बारीक ‘एल’ किंवा ‘आर’ असतो, शोधा.
आता उभे काप घ्या. ज्यांत नसांभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं ते टी२. चकतीत पाणी असलं की ती मधे उजळ दिसते, सुकली की काळी. रातांब्याचं सोल होतं तसं समजा. डेसिकेटेड म्हणजे पाणी आटलं, चकती ‘गेली’ नव्हे.
२०१५ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या स्कॅनचा एकत्र आढावा निघाला होता. विशीत ३० टक्के लोकांना बल्ज, पन्नाशीत ६० टक्क्यांना. ते ‘माइल्ड’ बल्ज आईला वाचून दाखवायचीच गरज नव्हती.

फिजिओ_कुडाळ
दिसेल ते सगळं रिपोर्टात लिहितात. त्यातलं तुमच्या पायाशी काय जुळतं ते बघायचं. अंगठ्यापर्यंतची कळ एल५ शी जुळते. टाचांवर चालून बघा, अंगठा वर उचलताना कुणाला तरी दाबायला सांगा. जोर कमी वाटला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवी अडकली, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला किंवा पाऊल लोंबायला लागलं, तर रात्र-अपरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. बाकी अशी बरीच प्रोट्रुजन ऑपरेशनशिवाय आपसूक आक्रसतात. पण त्याला महिने लागतात.

मालवणची_काकी
मेल्या, आधी ते क्रेट उचलूक जाव नको!

कलमवाला_देवगड
भिंग घेतल्यावर ‘एल’ सापडला, फिल्मच्या उजव्या कडेला. खळ्यात टाचांवर चाललो, जमलं. पण बायकोने अंगठे दाबून बघितले तेव्हा डावा लगेच खाली बसला, उजवा नाही. उद्या सकाळच्या एसटीने डॉक्टरांकडे निघतोय. काकी, क्रेट भावाच्या डोक्यावर दिलेत.