मदत हवी आहे: रस्त्यावर मेलेल्या रानप्राण्यांच्या स्मृतिशिल्पांसाठी माध्यम कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी मातीत काम करते. वाहनांखाली मेलेल्या रानप्राण्यांची मूळ मापाची शिल्पं करायला घेतली आहेत: साळिंदर, उदमांजर, कासव, गव्हाणी घुबड. वाघ-बिबट्या गेला तर बातमी होते, पण डांबराच्या उबेला आलेल्या सापाची कोण दखल घेतं?

अडलंय ते माध्यमापाशी. शिल्प घटनास्थळाजवळच, उघड्यावर राहणार. टेराकोटा पाणी पितं आणि ते पाणी गोठलं की तडकतं. ब्राँझ टिकेल, पण भंगारासाठी कुणी उचलून नेलं तर? सिमेंटात सळई घातली की ती गंजून फुगते आणि वरचं कवच उडवते, हे मी एकदा भोगलंय. शिवाय रस्त्याच्या कडेला कठीण वस्तू म्हणजे घसरलेल्या गाडीला आणखी एक धोका. कच्च्या मातीचंच करावं, पावसात विरघळू द्यावं, असंही मनात येतं. नवरा म्हणतो, मग करतेस कशाला!

दुसरं म्हणजे, मृतदेहावरून थेट साचा घ्यायचा मोह होतो, पण रोगाची भीती आहे आणि परवानगीचाही प्रश्न. सध्या शेजारी मोजपट्टी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढते. तरी घुबडाच्या मिटलेल्या पंखाची घडी फोटोतून काही केल्या कळत नाही. संग्रहालयातले पेंढा भरलेले नमुने पाहून उपयोग होतो का?

उघड्यावर काम टिकवलेल्यांनी, किंवा मुद्दाम न टिकवलेल्यांनीही, कृपया सांगा.