बॉडी म्हणजे नुसता डबा? मग माझ्या पाच डब्यांचं ऐका

घंटाळीकर
काल इथे एकाने लिहिलं, ‘फोटो लेन्स काढते, बॉडी नुसता डबा. एक ठेवा, बाकीच्या भाव आहे तोवर विकून टाका.’ डोक्यातून जात नाही म्हणून सविस्तर लिहितोय. माझ्याकडे फिल्मचे पाच जुने कॅमेरे आहेत: निकॉन एफएम२, पेन्टॅक्स के१०००, ऑलिंपस ओएम-१, कॅनन एई-१ आणि मिनोल्टा एक्स-७००. पाडव्याच्या शोभायात्रेत एफएम२चा सेल संपला. प्रकाश मोजणारं मीटर बंद, पण शटर १/४००० सेकंदापर्यंत सगळ्या स्पीडला चालू. उन्हाच्या अंदाजाने अख्खा रोल काढला. एई-१चा सेल गेला की शटरच पडत नाही. हे दोन्ही डबे सारखेच? सेलशिवाय शटर चालणाऱ्या यांत्रिक तीन (एफएम२, के१०००, ओएम-१) ठेवणार, सेलवरच्या दोन विकणार.

नेरुळवाला
डबा मीच म्हणालो, आजही म्हणतो. तुमच्या तीन यांत्रिक बॉड्यांचे लेन्स बसवायचे माउंट तीन, म्हणजे लेन्सचे संचही तीन. गेल्या वर्षभरात के१०००मधून किती रोल काढलेत ते सांगा. मी चार बॉड्या विकल्या, एकच निकॉन एफ३ ठेवली. तिचं शटरही सेलवरचं. खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाताना दोन एलआर४४ बटणसेल खिशात टाकतो, आणि तेही संपले तरी १/६० चा यांत्रिक स्पीड आहेच. विकून आलेल्या पैशांतून रोल घेतले. तुमचे पैसे कपाटात पडून आहेत.

पाचपाखाडी
कपाटाचं नाव काढलंत म्हणून बोलते. ठेवायचा की विकायचा हे नंतर, आधी कॅमेरा चामडी केसमधून बाहेर काढा. बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ आम्ही केसमध्येच, डांबरगोळ्या घालून जपला. ठाण्याचे चार पावसाळे गेले आणि लेन्सवर जाळं पसरलं. साफ करून घेतलं, पण बुरशीने कोटिंग खाल्लं ते खाल्लंच. चामडं ओल धरून ठेवतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

कळवा_३५
ताई, कपाटात झिरोचा बल्ब लावा. आमच्याकडे तीस वर्षं लावतोय. नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवा.

पाचपाखाडी
तांदूळ अजिबात नको! त्याचा कोंडा फोकसच्या रिंगमध्ये जातो. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, काटा पन्नास टक्क्यांच्या खाली. बल्बच्या उबेने कॅमेऱ्यातला प्रकाश अडवणारा, आधीच जुना झालेला फोम आणखी लवकर चिकट होतो.

कळवा_३५
माझ्या आईने त्या कपाटात पैठण्या आणि कॅमेरा दोन्ही सांभाळलं. एकालाही बुरशी नाही. यंत्रं विकत घेऊन शहाणपण शिकवू नका.

पाचपाखाडी
तुमच्या आईंनी दर आठवड्याला ते कपाट उघडलं असेल, वारा लागला असेल. त्याचं श्रेय बल्बला देऊ नका.

कळवा_३५
उघडायची, दर रविवारी. तेवढं खरं आहे. बल्ब मात्र राहणार.

घंटाळीकर
मूळ मुद्द्यावर येतो. ओएम-१ मी ठेवणारच. तिचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल मिळेना, १.५ व्होल्टवर मीटर चुकायचं. एका दुकानदाराने ‘बॉडी गेली, भंगारात द्या’ म्हणून परत पाठवली. शेवटी केमिस्टकडून कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल आणला, रबरी रिंग घालून बसवला, मीटर बरोबर झालं. तो दुकानदारही तुमच्यासारखा डबाच म्हणत होता.

नेरुळवाला
मला त्या दुकानदाराच्या पंगतीत बसवू नका. आणि एक्स-७०० विकताना घेणाऱ्याला आतल्या कॅपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचं, सांगणार ना? ते गेले की तिचंही शटर पडत नाही. पहिल्याच महिन्यात बंद पडली तर तो कॉलेजचा पोरगा पुन्हा फिल्मकडे फिरकणार नाही.

घंटाळीकर
सांगणार. आधी कॅपॅसिटर बदलून, एक रोल काढून धुवून घेणार आणि निगेटिव्हसकट देणार. आणि के१०००मधून वर्षभरात एकही रोल काढला नाही, विचारलंत म्हणून सांगतो. ती शिकणाऱ्या कुणाला तरी देईन. फायद्यासाठी विकणार नाही.

नेरुळवाला
म्हणजे पाचातल्या तीन गेल्या. सेल नसताना एफएम२ चालते हेही मान्य, तिला डबा म्हणणार नाही. ओएम-१बद्दल मत बदललेलं नाही.