शब्दचर्चा : ‘शाश्वत विकास’ आणि ‘समन्वय’

तिसवाडीहून, विषय मांडताना

आमच्या गोव्यातल्या पंचायतीच्या विकास आराखड्याचा मराठी मसुदा तपासण्याचे काम नुकतेच माझ्याकडे आले होते. ‘शाश्वत’ हा शब्द त्याच्या पहिल्या पानावरच सात वेळा आला होता. ग्रामसभेत ते पान वाचून झाल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले की, याचा अर्थ वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला) पाण्याची शाश्वती मिळणार, असा घ्यायचा का. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाही नीट देता आले नाही.

‘शाश्वत’ या शब्दाच्या मराठीत दोन छटा रूढ आहेत. पहिली कीर्तन-प्रवचनातली आहे. तेथे आत्मा शाश्वत आणि देह अशाश्वत, म्हणजे ज्याला नाश नाही ते शाश्वत. दुसरी रोजच्या बोलण्यातली आहे. ‘पावसाची शाश्वती नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा अमरत्वाचा संबंध नसतो, खात्रीचा असतो, आणि ‘शाश्वत सिंचन’ म्हणजेही खात्रीचे सिंचनच. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 मध्ये मांडलेली ‘शाश्वत विकासा’ची (इंग्रजीत ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’) कल्पना मात्र यांपैकी एकाही छटेत बसत नाही. आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणे अशक्य होऊ नये, असा तिचा आशय आहे. त्यात अमरत्व नाही आणि खात्रीही नाही, आहे ती जबाबदारी. (त्याच वर्षी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला आणि राजभाषा कायदाही झाला, त्यामुळे हा शब्द आणि आपले राज्य एकाच वयाचे आहेत, असे मला नेहमी वाटते.)

हिंदीने ‘सतत विकास’ स्वीकारले. मराठीत ते चालणार नाही, कारण आपल्याकडे सतत म्हणजे न थांबता, आणि न थांबता होणारा विकास हा तर मूळ कल्पनेच्या जवळजवळ उलट अर्थ झाला. ‘टिकाऊ’ हा शब्द मला आवडतो, पण तो वस्तूचा गुण सांगतो. कापड टिकाऊ असते, ते कोणी टिकवावे लागत नाही.

याच मसुद्यात आणखी दोन ठिकाणी गोंधळ आढळला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर 2015 मध्ये शाश्वत विकासाचा 2030 पर्यंतचा जो कार्यक्रम मंजूर केला, त्यात 17 ध्येये आणि त्यांच्याखाली 169 लक्ष्ये आहेत. हिंदीत 17 ध्येयांनाच ‘लक्ष्य’ म्हणतात, त्यामुळे हिंदी परिपत्रकावरून मराठी केले की दोन्ही पातळ्या एकमेकींत मिसळतात. तसेच ‘निर्देशक’ आणि ‘निर्देशांक’ यांचे आहे. केंद्रीय सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाने या ध्येयांची प्रगती मोजण्यासाठी राष्ट्रीय चौकट आखली तेव्हा तीत 306 निर्देशक होते, म्हणजे मोजण्याच्या 306 बाबी. नीती आयोगाने डिसेंबर 2018 मध्ये राज्यांची तुलना करणारा निर्देशांक पहिल्यांदा प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांपैकी 62 निर्देशक निवडून प्रत्येक राज्याला एकत्रित गुण दिले गेले. मोजण्याच्या बाबी अनेक, त्यांवरून काढलेला आकडा एक. हा भेद शब्दांत राहिला नाही, तर राज्याचा गुण वाढल्याची बातमी वाचणाऱ्याला नेमके काय सुधारले ते कळत नाही.

‘नीती आयोग’ या नावाविषयीही लिहिणे भाग आहे. हिंदीत ‘नीति’ म्हणजे धोरण, मराठीत मात्र नीती म्हटले की आचरण आठवते. ते नाव मुळात इंग्रजी आद्याक्षरांवरून घडवलेले आहे, म्हणून ते तसेच ठेवावे हे मान्य आहे. पण 1 जानेवारी 2015 रोजी ‘नियोजन’ जाऊन ‘नीती’ आली, तेव्हा कामाचे स्वरूपही बदलले. जुना नियोजन आयोग पंचवार्षिक योजना आखत असे आणि राज्यांच्या योजनांना किती पैसा मिळावा यात त्याचा मोठा वाटा असे. नीती आयोगाकडे निधीवाटप नाही. कोणते ध्येय कोणत्या मंत्रालयाकडे आणि कोणत्या केंद्रीय योजनेशी जोडलेले आहे याची मांडणी करणे, राज्यांचे मोजमाप करून ते जाहीर करणे आणि त्या तुलनेतून राज्यांना कामाला लावणे, ही त्याची पद्धत आहे. या कामाला सगळीकडे ‘समन्वय’ म्हणतात. माझा खरा प्रश्न येथेच आहे : समन्वय म्हणजे नेमके काय?

फोंड्याहून, एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेचे उत्तर

सर, समन्वयात ‘अन्वय’ आहे. ‘कलम 20 अन्वये’ असे आपण लिहितो, तेव्हा त्या कलमाला अनुसरून असा अर्थ असतो. (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निर्णय देताना शाश्वत विकासाचे तत्त्व लावावे, असे त्या न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्याचे कलम 20 सांगते, म्हणून हेच उदाहरण घेतले.) ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाला समन्वयाध्याय म्हणतात, कारण वेगवेगळ्या उपनिषदांतली वाक्ये एकाच तात्पर्याकडे जातात हे तेथे दाखवलेले आहे. म्हणजे समन्वयाला आधी तात्पर्य लागते. नुसत्या एकत्र बसण्याला फार तर बैठक म्हणता येईल.

दुसरी गोष्ट शाळेतली आहे. श्लोकाचा अन्वय लावायला सांगितला की आम्ही मुलांना प्रथम क्रियापद शोधायला लावत असू आणि मग विचारत असू : कर्ता कोण? कर्ता सापडल्याखेरीज अन्वय लागत नाही. आपल्या मसुद्यातले ‘समन्वय साधला जाईल’ हे वाक्य त्या कसोटीला लावून पाहावे.

डिचोलीहून

आमच्या भागात हे शब्द पुस्तकी राहिलेले नाहीत. खाणींविषयी सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी दिलेल्या निकालात, लोहखनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा 10 टक्के भाग एका कायम निधीत जमा करावा आणि तो शाश्वत विकास व पिढ्यापिढ्यांमधील न्याय यांसाठी असावा, असे म्हटले आहे. एकदा काढलेले खनिज परत येत नाही, म्हणून त्याच्या किमतीचा वाटा तरी मागे राहावा, असा त्यामागचा विचार मला दिसतो. येथे ‘शाश्वत’ खनिज नाही आणि खाणही नाही, मागे ठेवलेला वाटा आहे. या दृष्टीने ‘पुढच्यांसाठी राखून ठेवणे’ ही साधी शब्दयोजना मला मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळची वाटते.

तिसवाडीहून, पुन्हा

बाई, कर्त्याचा मुद्दा मला पूर्णपणे पटला, आणि डिचोलीच्या मित्रांचे ‘राखणे’ हे क्रियापदही. दोन्ही वाचताना माझ्यासमोर आमचे खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन, होते. खाऱ्या पाण्यापासून जमीन वाचवणारा चिखलमातीचा बांध आणि भरती-ओहोटीबरोबर मिटणारी व उघडणारी मानसाची (बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या वाटेची) लाकडी दारे शतकानुशतके चालली, पण ती कोणत्याही अर्थाने शाश्वत नव्हती. पाण्याने बांध दर वर्षी झिजत असे आणि गांवकारी, म्हणजे गावाची जुनी सामायिक संस्था, तो दर वर्षी भरून घेत असे. तो कोणी भरायचा, खर्च कोणी द्यायचा आणि हयगय झाली तर जबाब कोणी द्यायचा, हे ठरलेले होते. पुढे जमीन कुळांकडे गेली, जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली, आणि जेथे ती कोणाचीच राहिली नाही तेथे बांध फुटून कोरगुटाच्या (खाजनातल्या स्थानिक भाताच्या) शेतात खारे पाणी शिरले.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. ‘शाश्वत विकास’ हे नाव आता रूढ झाले आहे, ते शीर्षकात आणि ध्येयांच्या नावांत राहू द्यावे, कारण दर दहा वर्षांनी नाव बदलले तर कागदांचा माग लागत नाही. मजकुरात मात्र विशेषणाऐवजी क्रियापद वापरावे : राखणे, भरून काढणे, निगा ठेवणे. आणि ‘समन्वय’ लिहिण्याआधी कर्ता लिहावा. नीती आयोगाच्या दिल्लीतल्या मांडणीलाही हेच लागू आहे असे माझे मत आहे. ध्येयासमोर मंत्रालयाचे नाव लिहिणे ही चांगली सुरुवात आहे, पण एका ध्येयाला पाच मंत्रालये जोडलेली असतील तर त्यांतले जबाबदार कोणते, हे वाक्यातून कळले पाहिजे.

आमच्या मसुद्यात ‘खाजन क्षेत्राच्या शाश्वत विकासासाठी संबंधित यंत्रणांशी समन्वय साधला जाईल’ असे वाक्य होते. त्याऐवजी मी पुढील वाक्य सुचवले आहे, त्यात दुरुस्ती असल्यास कळवावी : ‘बांध आणि मानस यांची पाहणी कुळांची संघटना दर वर्षी पावसाळ्यापूर्वी करील, दुरुस्तीच्या खर्चाचा प्रस्ताव पंचायत कृषी संचालनालयाकडे पाठवील, आणि काम झाले की नाही हे पंचायतीचे सचिव पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवतील.’