चिल्लर, खुर्दा आणि मोड

'चिल्लर' हा शब्द 'चिल्लीपिल्ली'वरून आला, हे मला तरी पटत नाही. कानडीत चिल्लरे, तेलुगूत चिल्लर, तमिळमध्ये चिल्लरै. तिकडे सुट्या पैशांबरोबर किरकोळ विक्रीलाही हाच शब्द. कानडीत 'चिल्लरे अंगडी' म्हणजे किरकोळ विक्रीचं दुकान. तेव्हा शब्द दक्षिणेकडूनच आपल्याकडे आला असणार. 'खुर्दा' मात्र फारसी: खुर्द म्हणजे लहान, गावांच्या नावांतल्या बुद्रुक-खुर्दमधलाच. माझी आजी यातलं काहीच वापरायची नाही, ती 'मोड' म्हणायची. शंभराची नोट मुठीत कोंबून वाण्याकडे धाडायची, वर ताकीद, 'मोड मोजून आण गं, गोळ्या नकोत!' रुपया मोडला की मोड, इतकं सरळ. आणि माणसाला 'चिल्लर' म्हणतो, तो अर्थ 'किरकोळ'च्याच वाटेनं आला असावा.