बार्सिलोनाचं सग्रादा फमिलिया चर्च: टॉवरचं तिकीट घ्यावं का?
ताई, सासूबाई सोबत येणार म्हणताय, तर टॉवरचं तिकीट घेऊच नका. वर लिफ्ट नेते, पण उतरायचं अरुंद गोल जिन्यानं, शेकडो पायऱ्या. माझे गुडघे बडोद्याला परतल्यावरही कुरकुरत होते. गाइडचे जादा पैसेही मी देणार नाही. साध्या तिकिटात मोबाइलवर ऑडिओ गाइड मिळतो, आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये असतो तसाच. इयरफोन मात्र घरून न्या.

वेळ निवडताना डोकं लावा. सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो, उतरत्या उन्हात पश्चिमेकडून लाल-केशरी. आम्ही दुपारी चारचा स्लॉट घेतला होता. ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर अक्षरशः रंगपंचमी! आणि तिकीट आधीच ऑनलाइन काढा, दारात मिळेल या भरवशावर जाऊ नका.