स्ट्रेस म्हणजे नक्की काय? फिजिक्सच्या पुस्तकातला आणि ऑफिसमधला एकच का?

निवांत_नाशिककर
मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण केव्हाचा डोक्यात घोळतोय. मुलगा अकरावी सायन्सला आहे, त्याच्या पुस्तकात स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, विषय संपला. ऑफिसात बघावं तर जो तो म्हणतो लय स्ट्रेस आहे, सुट्टी द्या. आणि आता सासूबाईंना डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट लिहून दिलीय, तर त्या म्हणतात मला कसलं आलंय टेन्शन, जावई चांगला आहे, पेन्शन चालू आहे, मी नाही येत. हे सगळे एकच गोष्ट बोलतायत का नुसतं नाव सारखं? स्वतःच्या कामातलं सांगा, गुगलवरून कॉपी-पेस्ट नको.

साइटवरचा_माणूस
पुस्तक बरोबर आहे दादा, पण त्यातली खरी गोम पोरांना कोणी सांगत नाही. लोड वेगळा आणि स्ट्रेस वेगळा. लोड बाहेरून येतो, टाकीचा, भिंतीचा, माणसांचा. स्ट्रेस आतमध्ये तयार होतो, आणि तो किती होणार ते तुमच्या जाडीवर ठरतं. १२ एमएमची सळई घ्या, कापली तर तोंड साधारण ११३ चौरस मिलिमीटर. तिला पावणेसहा टनाची ओढ लावली की आतला स्ट्रेस जातो ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरवर. दुकानात एफई ५०० म्हणून मागता ना, त्यातला ५०० तो हाच, त्याच्या पुढे ओढलं की सळई पूर्ण मूळ लांबीवर येत नाही. तीच ओढ १६ एमएमच्या सळईला लावा, स्ट्रेस २८० च्या आसपास, सळई मजेत.

आणि नुसता किती नाही, कुठे हेही बघावं लागतं. काँक्रीट दाबाला दणकट पण ओढीला कच्चं, दाबाच्या मानाने साधारण दहावा हिस्सा ताकद. म्हणून ओढ बसते तिथे सळई. दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबला मधोमध ओढ खालच्या अंगाला बसते, पण बाहेर काढलेल्या गॅलरीला ती वरच्या अंगाला बसते. आता होतं काय, माल ओतताना माणसं घमेली घेऊन त्या वरच्या जाळीवरूनच ये-जा करतात, खाली चेअर, म्हणजे जाळी वर धरून ठेवणारे सळईचे घोडे, कमी लावलेल्या असल्या की जाळी दबून तळाला जाते आणि वरून काही दिसत नाही. ड्रॉइंग बरोबर, सळई पूर्ण, सिमेंट चांगलं, आणि सेंटरिंग (खालचा फळ्यांचा आधार) काढल्यावर भिंतीलगत वरून लांबच लांब चीर. मी तर माल ओतताना जाळी उचलायला एक माणूस वेगळा उभा करतो, कंत्राटदार बोंबलला तरी.

तर तुमच्या ऑफिसातली डेडलाइन हा लोड आहे, स्ट्रेस तुमच्या आत.

डॉक्टरीणबाई
साइटवाल्या भाऊंनी जो फरक सांगितला त्यावर आमच्याकडेही गोंधळ झालाय आणि तो अजून चालू आहे. हान्स सेली नावाचे शास्त्रज्ञ मॉन्ट्रियलला होते, १९३६ साली 'नेचर'मध्ये त्यांचं छोटं टिपण आलं. उंदरांना थंडीत ठेवलं, जखम केली, औषधाचा जास्त डोस दिला, कारण काहीही असो आतली गडबड तीच, अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या) फुगलेल्या, थायमस (छातीतली रोगप्रतिकाराची ग्रंथी) आक्रसलेली, जठरात व्रण. स्ट्रेस हे नाव त्याला नंतर चिकटलं आणि मग असं चिकटलं की लोक कारणालाही स्ट्रेस म्हणायला लागले आणि परिणामालाही. शेवटी कारणासाठी स्ट्रेसर हा वेगळा शब्द काढावा लागला. पण दवाखान्यात त्याचा काही उपयोग नाही. पेशंट म्हणतो स्ट्रेसमुळे झोप लागत नाही, मी विचारते कसला स्ट्रेस, तर म्हणतो हाच की, झोप लागत नाही.

बाकी थोडा वेळ धडधड वाढणं, हात गार पडणं यात बिघाड काही नाही, शरीर कामाला लागलंय एवढंच. महिनोन्महिने तेच चालू राहिलं तर मात्र बीपी, शुगर, पोट सगळं कुरकुरायला लागतं.

डाळिंबवाला_सांगोला
तुम्ही सगळे स्ट्रेस म्हणलं की घाबरताय, आमच्याकडं ताण पैसे देऊन बसवत्यात. बहार धरायच्या, म्हंजी झाडाला एकदम फुलावर आणायच्या आधी डाळिंबाचं पाणी तोडायचं, हलकी जमीन आसंल तर महिनाभर, भारी काळी आसंल तर दीड महिन्यापर्यंत. पानं पिवळी पडायला लागली, गळायला लागली की समजायचं ताण बसला. झाड वाढायचं थांबतं, अन्न साठवतं आणि मग पाणी सोडलं की एकदम कळी काढतं. ताण नाय दिला तर वर्षभर इकडं चार फुलं तिकडं चार फुलं, एक माल काढायला येतोय तवर दुसरा आंबट, व्यापारी बागेत पाय ठेवत नाय. नवीन पोरं चूक कुठं करत्यात, ताण सोडताना. पहिलंच पाणी भरपूर देत्यात, मग फुलगळ. पहिलं पाणी हलकं, मग हळूहळू वाढवायचं.

निवांत_नाशिककर
वा, हे माहीतच नव्हतं. पण दादा मधेच अवकाळी आला तर?

डाळिंबवाला_सांगोला
तर ताण मोडला, आता पुन्हा पहिल्यापास्नं. म्हणून आमच्याकडं मृग बहारापेक्षा (पावसाच्या तोंडाला धरत्यात तो) आंबे बहार (हिवाळ्यात, आंब्याच्या मोहोराच्या टायमाला धरत्यात तो) बरा म्हणणारे बरेच हायत, डिसेंबरात पाऊस सहसा नसतो आणि थंडीची मदत होते. मृगाला ताण बसवायचा म्हणजे एप्रिल-मेचं ऊन आणि वळीव, दोन्हीचा भरवसा नाय.

लेजर_बुक
बँकेत माणूस नाही, कर्जाचं खातं स्ट्रेसमध्ये जातं. हप्ता थकला की ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (एसएमए म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२, त्यापुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मार्च महिन्यात, वर्षअखेरीला, कर्जदार निवांत असतो, फोन करून करून घसा आमचा बसतो.

टीएमटी_टेक्निशियन
कोणीच सासूबाईंचं बोललं नाही म्हणून लिहितो. त्यांना सांगा टेन्शन मोजायची टेस्ट नाहीये, चालायची आहे. ईसीजीच्या वायरी लावून फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर, म्हणून नाव टीएमटी) चालवतात, ताशी २.७ किलोमीटरने सुरुवात, दर ३ मिनिटांनी वेग पण वाढतो आणि चढ पण. हृदयाला लोड देऊन बघायचं की रक्त पुरतंय का. टार्गेट साधारण २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के, म्हणजे ६५ वर्षांना १३२ च्या आसपास ठोके. साडी नको, पंजाबी ड्रेस घाला. पट्ट्याची चप्पल नको, बूट घाला. पोटभर जेवून आणू नका, दोन-तीन तास आधी हलकं काहीतरी चालेल. बीपीच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, त्या त्या दिवशी घ्यायच्या का ते डॉक्टरांनाच विचारा, स्वतःहून बंद करू नका. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच बोलायचं, बरीच म्हातारी माणसं लाजून गप्प राहतात.

रिपोर्टवर निगेटिव्ह आलं की नातेवाईक रडवेले होतात, तर निगेटिव्ह म्हणजे चांगलं. आणि गुडघे दुखत असतील तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, चालवत नसेल त्यांना इंजेक्शनने ठोके वाढवून सोनोग्राफीवर बघतात, ती टेस्ट वेगळी लिहून घ्यावी लागते.