मदत हवी आहे: कॅसलिंग नेमकं कधी करायचं? मुलगी दर वेळी चौथ्या चालीलाच करते

फोंड्याची आई

नमस्कार मंडळी, बुद्धिबळ येणाऱ्यांनी जरा मदत करा. माझी मुलगी चौथीत आहे, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या हडफड्याला वर्ल्ड कप झाला तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही, क्लास लावलाय, रविवारी कुठे टुर्नामेंट असली की आम्ही डबा घेऊन तिथे. मला सोंगट्या कशा चालतात एवढंच येतं, त्यामुळे ती हरून आली आणि डाव लिहिलेली वही माझ्यापुढे धरली की मी काय सांगणार.

क्लासचे सर म्हणतात पहिल्या दहा चालींत कॅसलिंग (राजा हत्तीकडे दोन घरं आणि हत्ती त्याच्या पलीकडे, एकाच चालीत) झालंच पाहिजे. ती इमानेइतबारे करते, बहुतेक वेळा चौथ्याच चालीला. आणि तरी मात तिथेच बसते, कॅसल केलेल्या राजावर! हा रविवारचा डाव बघा. ती पांढरी. दोघांची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं, मग घोडे एफ३ आणि सी६ वर, मग उंट सी४ आणि सी५ वर, चौथ्या चालीला हिचं कॅसलिंग. त्याने घोडा एफ६, हिने डी३, त्याने डी६, हिने उंट जी५ वर नेऊन त्याचा घोडा बांधला, म्हणजे घोडा हलला तर मागचा वजीर उघडा पडतो. त्याने एच६, उंट मागे एच४ वर, त्याने जी५, उंट जी३ वर, आणि त्याने लगेच एच५. हिने घोड्याने जी५ चं प्यादं खाल्लं, त्याने एच४. हिने घोड्याने एफ७ चं पण खाल्लं, एका घोड्याखाली वजीर आणि हत्ती दोन्ही, आता जिंकलीच असं वाटणार ना कोणालाही? तर त्याने वजिराकडे बघितलंसुद्धा नाही, प्याद्याने जी३ चा उंट खाल्ला. हिने वजीर खाल्ला आणि पुढे तीन-चार चालींत डाव संपला.

तिचे आजोबा म्हणतात मुळात एवढी घाई कशाला, ते अजून देशी पद्धतीने खेळतात, त्यात राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते आणि ती उडी ते अगदी वेळ आल्यावरच वापरतात. आता सर एक सांगतात, आजोबा दुसरं, आणि पोरगी मधल्यामध्ये. लवकर करायचं की थांबायचं? कुठल्या बाजूला? हे ठरवायचं कशावरून? तिला समजेल असं सांगा प्लीज, पुढच्या महिन्यात तालुक्याची स्पर्धा आहे.

डिचोली६४

ताई, आधी तिला सांगा की हाच डाव १८७४ साली सेंट पीटर्सबर्गला क्नोरेविरुद्ध चिगोरिन असा झालाय, त्यातही पांढऱ्याने असाच वजीर खाल्ला आणि काळ्याने चौदाव्या चालीत संपवला. म्हणजे मोठी माणसं पण इथे अडकलीत, रडायचं कारण नाही.

चूक चौथ्या चालीची नाहीये. तिथे कॅसलिंग चालतं, उत्तम खेळाडूही करतात. गडबड उंट जी५ वर नेला तिथे झाली. तिला पटावर तीच स्थिती लावून द्या आणि एकच विचारा, समोरच्याचा राजा कुठे आहे? ई८ वर, अजून मधेच. त्याने कॅसल केलेलं नाही म्हणून त्याला एच आणि जी ची प्यादी बिनधास्त पळवता येतात, त्या प्याद्यांमागे त्याचा स्वतःचा राजा नाही, उलट एच८ वर हत्ती वाट बघत बसलाय. हिचा राजा मात्र जी१ वर, बरोबर त्यांच्या वाटेत. त्याचा राजा आधी कॅसल करून जी८ वर गेला असता तर जी५ ढकलताना त्याला दहा वेळा विचार करावा लागला असता. म्हणून समोरच्याने छोट्या बाजूला, म्हणजे राजाकडच्या जवळच्या हत्तीच्या बाजूला, कॅसल केल्यावर उंटाने घोडा बांधणं जास्त जमतं, तो मधे बसला असताना हात आवरायचा. सहाव्या चालीला तिथे सी३ खेळू दे, डी४ ची तयारी होते आणि सी४ वरच्या उंटाला मागे यायला वाट मिळते.

आता कधी, ते चालींच्या आकड्यावरून ठरवू नका. मधल्या प्याद्यांकडे बघायचं. ई आणि डी ची प्यादी एकमेकांना खाणार असतील, मधली फळी उघडणार असेल, तर सगळं सोडून राजा हलवा, तिथे एक चाल उशीर पण महागात पडतो. मधे प्याद्यांना प्यादी अडून सगळं बंद असेल तर थांबता येतं, थांबून बघायचं समोरचा आपल्या सोंगट्या कुठे वळवतोय आणि मग विरुद्ध बाजूला जायचं. सर सांगतात ते नवशिक्यांना योग्यच आहे, कारण या वयातले बहुतेक डाव उघडेच असतात. आजोबांचं पण खोटं नाही, फक्त देशी खेळात प्यादं एकावेळी एकच घर सरकतं, मधलं उघडायला वेळ लागतो, म्हणून राजाला थांबणं परवडतं.

सांगेचा उंट

वरच्यांशी सहमत, पण उशीर केला तर काय होतं ते पण तिला दाखवा हं, नाहीतर पोरगी आता कॅसलिंगच सोडून देईल. दोन घोड्यांच्या डावात, म्हणजे हिच्याच डावात तिसऱ्या चालीला काळ्याने उंटाऐवजी घोडा एफ६ वर आणला तर, पांढरा घोडा जी५ वर येतो, काळा डी५ करतो, प्याद्याने प्यादं, काळा घोड्याने परत खातो आणि पांढरा सरळ एफ७ वर घोडा देतो. राजाला खावाच लागतो नाहीतर वजीर किंवा हत्ती जातो, मग वजीर एफ३ वर शह, आणि डी५ चा घोडा वाचवायचा तर काळा राजा ई६ पर्यंत चालत पटाच्या मधोमध. एकदा पटावर लावून बघितलं की सर दहा चाली का म्हणतात ते आपोआप कळतं.

आणि कॅसल झाल्यावर राजापुढची तीन प्यादी कारणाशिवाय हलवायची नाहीत. पोरं घाबरून एच३, जी४ करतात आणि मग त्या किल्ल्याला भिंतच राहत नाही.

फोंड्याची आई

खूप खूप आभार दोघांचे! काल रात्री जेवण झाल्यावर तिने स्वतः पट मांडला आणि आजोबांना समजावत होती की त्याचा राजा मधे होता म्हणून त्याची प्यादी पळाली, आजोबांनी पण मान डोलावली. अजून एक विचारते. मोठ्या बाजूचं, म्हणजे वजिराकडच्या बाजूचं, कॅसलिंग ती कधीच करत नाही, म्हणते बी१ वर समोरच्याचा उंट रोखलेला असला की चालत नाही. आणि एका स्पर्धेत तिने आधी हत्तीला हात लावला तर पंचांनी कॅसलिंग करूच दिलं नाही, हे बरोबर आहे का?

डिचोली६४

पंच बरोबर आहेत ताई. कॅसलिंग ही राजाची चाल, आधी राजा दोन घरं, मग त्याच हाताने हत्ती, दोन्ही हात वापरायचे नाहीत. आधी हत्तीला हात लावला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला होत नाही, हत्तीच हलवावा लागतो. घरी सराव करतानाच ही सवय लावा, स्पर्धेच्या दिवशी सांगून उपयोग नसतो.

बी१ चं मात्र तिच्या मनातून काढा. राजा ई१ वरून सी१ ला जाताना डी१ वरून जातो, बी१ ला त्याचा पाय लागतच नाही, तिथून फक्त हत्ती जातो. शह बसलेला असताना कॅसलिंग नाही, राजा ज्या घरावरून जातो किंवा जिथे थांबतो तिथे मारा असेल तर नाही, हत्तीवर मारा असला तरी चालतं. बी१ रिकामं हवं एवढंच. १९७४ ला कार्पोव्हविरुद्धच्या कँडिडेट्स फायनलमध्ये (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी लढत) कोर्चनॉयसारख्या खेळाडूने पण डाव चालू असताना पंचांना हेच विचारलं होतं, हत्तीवर मारा आहे तर कॅसल करू का म्हणून. आणि आधी कधी शह बसून गेला म्हणून हक्क जात नाही, राजा किंवा त्या बाजूचा हत्ती हलला तरच जातो, मग तो परत जागेवर आला तरी हक्क परत मिळत नाही.

मोठ्या बाजूला गेली तर ए२ चं प्यादं उघडं राहतं हे लक्षात ठेवा, म्हणून पुढे सवडीने राजा बी१ वर सरकवतात. दोघे उलट्या बाजूंना गेले की मग ज्याची प्यादी आधी पोचतील त्याचा डाव. स्पर्धेआधी एक-दोन सरावाचे डाव तिला मुद्दाम मोठ्या बाजूला कॅसल करून खेळू दे आणि वह्या इथे टाका, बघून सांगतो.